बहिऱ्याची खुर्ची

माझ्या थोरल्या भावाचा उजवा कान डाव्यापेक्षा जरा मोठा आहे. तो म्हणायचा, तीस वर्षं त्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवून टेकवून वाढला. हे साफ खोटं आहे. आमच्या आईचाही एक कान मोठा होता आणि तिने जन्मात कधी स्क्रूड्रायव्हर हातात धरला नव्हता. पण आमच्या गॅरेजमध्ये दादाने थाप मारली तरी सगळ्यांनी माना डोलवायच्या असा रिवाज होता, आणि सगळ्यांत जास्त मान मी डोलवली.

लोक त्याला कानसेन म्हणायचे. गिऱ्हाइकाची गाडी फाटकातून आत शिरत असतानाच हा चहाचा कप तोंडाला लावून सांगायचा, "डाव्या चाकाचं बेअरिंग." उघडून बघितलं की बेअरिंगच निघायचं. स्टिअरिंगच्या आवाजात तर त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पॉवर स्टिअरिंगची गाडी वळवताना कधी कण्हते, कधी गुरगुरते, कधी कुंईऽ करते. गिऱ्हाईक बिचारं एवढंच म्हणतं, "वळवताना आवाज येतो." दादा इंजिन चालू ठेवायला सांगायचा. मग फूटभर लांबीचा, लाकडी मुठीचा आपला स्क्रूड्रायव्हर पंपावर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा, डोळे मिटायचा आणि बोटाने खूण करायचा, फिरव चाक. एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे. डोळे उघडले की एक शब्द. पंप, नाहीतर बेल्ट, नाहीतर रॅक. दुसरा शब्द कोणी विचारला तर अंगावर यायचा.

त्या एका शब्दावरून पुढे जे झालं ते सांगायला बसलोय. त्यात माझी बाजू चांगली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गॅरेज मुळात आमचं नव्हतं. ते जुन्या मिस्त्रींचं. त्यांनीच आम्हा दोघा भावांना पान्याची ओळख करून दिली, जेवू घातलं, मारलंही. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि दादावर त्यांचा जीव होता. साठी उलटल्यावर मिस्त्रींचे अंदाज चुकायला लागले. म्हणायचे पंप, आणि निघायचा बेल्ट. आम्ही दुरुस्त करून टाकायचो, कोणी बोलायचं नाही. दादा तेव्हा तिशीत होता. एके सकाळी त्याने भिंतीवर काळा फळा ठोकला आणि नियम सांगितला. गाडी उघडण्याआधी ज्याने तपासली त्याने फळ्यावर एक शब्द लिहायचा, खाली आपली खूण. शब्द चुकला, की कामाचे सहा दिवस दुपारचा डबा खुर्चीत बसून खायचा.

खुर्ची म्हणजे एका भंगार गाडीची ड्रायव्हरची सीट. गाड्या धुवायच्या उताराशेजारी, गटाराच्या तोंडाला, भिंतीकडे तोंड करून दादाने ती सिमेंटमध्ये बसवली होती. म्हणजे बाकीचे आम्ही मधल्या टेबलाभोवती जेवणार, आणि चुकलेला माणूस आमच्याकडे पाठ करून भिंतीशी. खुर्चीच्या पाठीवर दादाने पांढऱ्या रंगाने शब्द लिहिला, 'बहिरा'. रंगाचा डबा मी धरला होता. अक्षरं सुबक आली म्हणून मी त्याला शाबासकीही दिली.

पहिल्याच आठवड्यात मिस्त्रींचा शब्द चुकला. ते हसले, म्हणाले, "पोरांनी चांगली गंमत काढलीय," आणि डबा घेऊन खुर्चीत जाऊन बसले. त्यांना वाटलं, दोन घास खाल्ले की कोणीतरी म्हणेल, मिस्त्री, या इकडे. कोणी म्हटलं नाही. दुसऱ्यांदा चुकला तेव्हाही बसले, पण हसले नाहीत. तिसऱ्यांदा चुकला तेव्हा त्यांनी फळ्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं, डब्याच्या पिशवीचे बंद बांधले आणि घरी गेले. नंतर एकदाच आले, गॅरेजच्या कागदांवर सही करायला. सही करताना दादा त्यांच्या कानाशी ओरडून सांगत होता, कुठे करायची ते. तेवढं काही त्यांना कमी ऐकू येत नव्हतं.

फळा राहिला आणि खुर्चीही राहिली. मिस्त्री गेल्यावर ती जवळजवळ माझीच झाली.

कारण मला एका शब्दात सांगता येत नाही. मी कान लावत नाही असं नाही, पण मला बघावं लागतं. तेलाची टाकी उघडून रंग बघायचा, वास घ्यायचा, पाइपावरून बोट फिरवायचं, बेल्ट दाबायचा. मग कळतं. दादाकडे त्याआधी फळ्यावर लिहावं लागायचं आणि माझं हमखास चुकायचं. सव्वीस वर्षांत मी एकोणतीस वेळा सहा-सहा दिवस त्या खुर्चीत जेवलो. मोजलेत. "आमचा धाकट्या डोळ्यांनी ऐकतो," दादा गिऱ्हाइकांना सांगायचा. गिऱ्हाइकं हसायची. रंगकाम करणारा पेंटर आणि वायरिंग बघणारा वायरमन हे तर पगारच हसण्याचा घेत असल्यासारखे हसायचे. गाडीचं काम शेवटी माझ्याच हातून व्हायचं, आणि एकदा बसवलेलं परत यायचं नाही. त्याचा फळा मात्र कोणी ठोकला नाही.

एकदा माझ्यासाठी सांगून आलेल्या मुलीचे वडील मला बघायला अचानक गॅरेजवर आले. मी खुर्चीत होतो. दादाने त्यांना पाणी दिलं, चहा सांगितला, आणि हात करून म्हणाला, "तो काय तुमचा जावई. भिंतीकडे तोंड करून बसलाय तो. पाठीवर नाव लिहिलंय, वाचा." गृहस्थ चहा अर्धा ठेवून गेले. पुढे माझं लग्न दुसरीकडे झालं, बायको लाखात एक मिळाली, तरी तो अर्धा कप मी विसरलो नाही. दादा विसरला असेल. त्याच्या दृष्टीने ती एक बरी गंमत होती.

मग गेल्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, एक गाडी फाटकातून आत आली. तिचा बेल्ट एवढा किंचाळत होता की पेंटरने हातातला ब्रश खाली ठेवला आणि समोरच्या दुकानातली बाई बाहेर येऊन बघायला लागली. दादा स्टुलावर बसून बिलबुकातली पानं उलटत होता. त्याने मान वर केली नाही. सावली अंगावर पडली तेव्हा वर बघून म्हणाला, "बोला, काय त्रास आहे?"

पेंटरला वाटलं, दादा भाव खातोय. मी मात्र त्या दिवसापासून त्याच्यावर नजर ठेवली. माणसांचं बोलणं त्याला कळायचं, निदान समोरासमोर. इंजिनातली ठोकठोक, गिअरची घरघर, जाडजूड आवाज सगळे कळायचे. बारीक आवाज गेले होते. फोन खिशात वाजून वाजून थांबायचा. स्क्रूड्रायव्हर लावून तो पूर्वीसारखेच डोळे मिटायचा, पण आता जास्त वेळ मिटायचा. आणि त्याचे शब्द सावध झाले होते. स्टिअरिंगचा आवाज म्हटला की पंप, कारण दहात सहा वेळा पंपच असतो.

मला हे कळल्यावर काय वाटलं? दया नाही आली. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी घरी जाताना मी मुलांसाठी खाऊ घेतला.

त्यानंतर महिन्याभरात वहिनींनी मला विचारलं. मी त्यांच्याकडे काही सामान द्यायला गेलो होतो. आत टीव्ही घर हलेल एवढ्या मोठ्याने चालू होता. वहिनी दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना हल्ली ऐकू कमी येतं का हो? कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितल्या तर म्हणाले, झालीच नाही एकही. डॉक्टरकडे चला म्हटलं तर खायला उठतात. तुम्ही दिवसभर बरोबर असता, तुम्हाला काय वाटतं?"

"छे हो, वहिनी," मी म्हणालो. "सुईचा आवाज ऐकतो तो अजून. घरकाम टाळायला सोंग करत असेल."

त्या हसल्या. त्यांना ते पटलं, कारण ते पटणं सोयीचं होतं. "तसंच असेल," म्हणाल्या, "मेला आळस." डॉक्टर राहिला. मी जिना उतरलो.

वर्षभर मी वाट बघितली. फळ्यावर त्याचे शब्द बरोबर येत राहिले, कधी अनुभवाने, कधी नशिबाने. दोन वेळा तर माझ्यामुळे, कारण सवयीने मी टाकी उघडून "तेल काळं आहे" असं पुटपुटलो आणि त्याने ते ओठांवरून वाचलं. त्यानंतर मी पुटपुटणं बंद केलं.

आणि एका सोमवारी ड्रायव्हिंग स्कूलवाल्या बाई आल्या. पन्नाशीच्या, कडक, शब्द तोलून नाही तर फेकून मारणाऱ्या. त्यांची शिकवणीची गाडी दिवसभर वळणं घेत फिरते, त्यामुळे स्टिअरिंगचं दुखणं त्यांना बाकीच्यांपेक्षा आधी कळतं. "वळवताना कुंईऽ करते," त्या म्हणाल्या. "सकाळी गार असताना जास्त. शिकणारे घाबरून चाक सोडून देतात."

दादाने स्क्रूड्रायव्हर लावला. मी स्टिअरिंगवर बसलो. डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. आवाज एवढा स्पष्ट होता की मला आत बसून दातांत शिवशिव आली. दादाने आणखी एकदा खूण केली. मग आणखी एकदा. चौथ्यांदा चाक फिरवताना मी त्याचा चेहरा बघत होतो. मिटलेल्या पापण्या हलत होत्या. अंधारात चाचपडणारा माणूस मी पूर्वीही बघितला होता, ह्याच फळ्यासमोर. त्याने डोळे उघडले, फळ्याशी गेला आणि लिहिलं, 'पंप'.

बाई गाडी ठेवून गेल्या. मी स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीचं झाकण काढलं. तेलावर फेस होता, कपडे भिजवलेल्या बादलीवर असतो तसा, आणि तेलाचा रंग दुधाळ झाला होता. फेस म्हणजे आत हवा जातेय. हवा कुठून जाणार? टाकीतून पंपाकडे तेल ओढून नेणारा पाइप जिथे पंपात शिरतो तिथून. तिथे बोटाच्या पेराएवढी रबरी रिंग असते. ती कडक झाली की तेल गळत नाही, कारण पंप तिथून आत ओढत असतो, बाहेर टाकत नाही. एक थेंब जमिनीवर पडत नाही, नुसती हवा शोषली जाते आणि पंप ओरडत राहतो. ओरडतो पंप, पण दुखणं रिंगचं असतं. मी सांध्यावर बोट फिरवलं. रिंग प्लास्टिकसारखी टणक झाली होती.

मी झाकण लावलं आणि फडक्याला हात पुसले. फळ्यावर शब्द लिहून झाला होता. मला कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवा पंप मीच बसवला. जुना पाइप, त्यावर जुनीच रिंग. ती रिंग बोटांत धरून मी क्षणभर थांबलो, हेही सांगतो. मागच्या फळीवर नव्या रिंगांचा डबा होता, हात लांब केला असता तरी पोचला असता. मी जुनी रिंग परत जागेवर सरकवली आणि नट आवळला.

मंगळवारी दुपारी दादा चाचणीला स्टिअरिंगवर बसला. इंजिन चालू केलं, डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. कुंईऽ होतंच, थोडं कमी झालं असेल. पेंटर, वायरमन दोघेही बाहेर गेले होते. आम्ही दोघेच होतो. दादाने आणखी दोनदा चाक फिरवलं, मग दोन्ही तळवे चाकावर ठेवून थोडा वेळ तसाच बसला. खिडकीतून त्याने माझ्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांत त्याने मला कधी मत विचारलं नव्हतं.

"धाकट्या," तो म्हणाला, "गेला ना आवाज?"

"गेला, दादा."

त्याने मान हलवली आणि इंजिन बंद केलं.

गुरुवारी दुपारी आम्ही डबे उघडले तोच बाई आल्या. गाडी त्यांनी सरळ जेवणाच्या टेबलापर्यंत आणली. शेजारच्या सीटवर सत्तरीचे एक आजोबा होते, छातीशी शिकाऊ परवान्याचा कागद धरून. गॅरेजमध्ये दोन गिऱ्हाइकंही बसलेली होती. बाईंनी इंजिन चालू ठेवूनच चाक पूर्ण वळवलं, आणि ते कुंईऽ पत्र्याच्या छपराखाली असं घुमलं की एका गिऱ्हाइकाने कानावर हात ठेवला.

"हे काय आहे?" बाई म्हणाल्या.

दादा उठून गाडीजवळ गेला. वाकला. सगळे त्याच्याकडे बघत होते. "मला तर काही ऐकू येत नाही," तो म्हणाला.

"तेच म्हणतेय मी. तुम्हाला ऐकू येत नाही."

"पंप नवा आहे, बाई."

"पंप नवा असेल हो, कान जुना झालाय." त्या आजोबांकडे वळल्या. "काका, तुमचं वय काय?"

"बहात्तर."

"तुम्हाला येतो का आवाज?"

आजोबा ओशाळले. त्यांना ह्यात पडायचं नव्हतं. "येतो की," ते म्हणाले. "कुंईऽ असा येतो. मघाशी चौकात कुत्रं पण बघायला लागलं."

पेंटर हसला. आधी नाकातून, मग त्याला आवरेना. वायरमन हसला, गिऱ्हाइकं हसली, बाईसुद्धा जरा हसल्या. दादा गाडीला हात टेकवून उभा होता. कोण काय बोललं ते त्याला नीट कळलं नसावं, पण कोणावर हसतायत ते कळलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल, परवा तूच तर गेला म्हणालास. मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्याने नुसतं बॉनेट उघडून दिलं.

मग मी उठलो. घाई केली नाही. हात धुतले, पुसले, फळ्याशी गेलो, दादाचा शब्द ओल्या फडक्याने पुसला नाही, त्याच्या शेजारी लिहिलं, 'हवा'. स्क्रूड्रायव्हरला हातही लावला नाही. मागच्या फळीवरून नवी रिंग घेतली, पाइप काढला, जुनी रिंग काढून टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. पुढची चाकं जॅकवर उचलली. इंजिन बंद ठेवून वायरमनला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलं, आणि टाकीवर वाकून तेल घालत राहिलो. बुडबुडे वर येत होते, फुटत होते. वीसेक फेऱ्यांनंतर बुडबुडे थांबले. इंजिन चालू केलं. चाक वळलं आणि काहीही वाजलं नाही. सगळं मिळून पाऊण तास लागला.

"ह्याला म्हणतात कान," पेंटर म्हणाला.

सव्वीस वर्षं त्याने हे वाक्य दादासाठी राखून ठेवलं होतं. बाई गाडी घेऊन गेल्या, जाताना मला म्हणाल्या, "यापुढे तुम्हीच बघत जा." आजोबांनी खिडकीतून हात हलवला. आम्ही परत टेबलाशी आलो. डबे गार झाले होते. दादा आपल्या जागेवर बसायला निघाला, स्टूल ओढलं, आणि तेव्हा मी म्हणालो. हळू म्हणालो असतो तर त्याला ऐकू आलं नसतं, म्हणून त्याच्या समोर उभा राहून मोठ्याने म्हणालो.

"दादा, फळ्यावर शब्द चुकलाय."

पेंटरचं हसू तिथल्या तिथे थांबलं. वायरमन डब्यात बघायला लागला. दादाने फळ्याकडे बघितलं, 'पंप', 'हवा'. मग डबा उचलला, धुण्याच्या उतारापर्यंत गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. पाठीवरची अक्षरं जुनी झाली होती, पण वाचता येत होती. मी जेवलो. पोटभर जेवलो, आणि फार बरं वाटलं. इतकं बरं मला लग्नातही वाटलं नव्हतं.

मला खात्री होती, दुसऱ्या दिवशी तो येणार नाही. मिस्त्री गेले तसा जाईल. पण तो आला. शुक्रवारी आला, शनिवारी आला. सकाळी काम करायचा, कोणाशी बोलायचा नाही, दुपारी आपण होऊन खुर्चीत जायचा. रविवार सुट्टीचा गेला. सोमवार, मंगळवारही तसेच गेले. गिऱ्हाइकं आता माझ्याकडे यायला लागली. पेंटर तर दादाच्या पाठीमागे उभा राहून, त्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने, नकला करायचा. डोळे मिटून, ब्रश कानाला लावून. पहिल्या दिवशी मी हसलो. चौथ्या दिवशी त्याला गप्प बसायला सांगितलं, ते दादासाठी नाही, पेंटरचं तोंड बघवेना म्हणून.

बुधवार त्याचा शेवटचा दिवस. मी पाण्याचा ग्लास घेऊन खुर्चीपर्यंत गेलो. माणुसकीबिणुसकी काही नव्हती. समोरून त्याचं तोंड कसं दिसतं ते मला बघायचं होतं. सव्वीस वर्षं माझं तोंड फक्त त्या भिंतीने बघितलं होतं.

तो जेवत होता. डाव्या हाताने डबा मांडीवर धरलेला, उजव्या हाताने घास. मला बघून सरकला, जणू खुर्चीत दोघांची जागा होती.

"इथे बरंय," तो म्हणाला. "सावली आहे." पाणी प्यायला. मग म्हणाला, "त्या बाईंच्या गाडीचं चाक थरथरत होतं. गेल्या आठवड्यात, मंगळवारी. मी बसलो होतो तेव्हा."

मी ग्लास त्याच्या हातातून परत घेतला.

"तळहाताला लागतं ते. मुंग्या आल्यासारखं. हवा असली की लागतंच. कान गेला तरी हात आहेत अजून."

"म्हणजे तुला कळलं होतं?"

"शंका आली होती."

"मग गाडी का सोडलीस?" माझा आवाज नको तेवढा चढला.

"तुला विचारलं ना." त्याने डब्याचं झाकण शोधलं. "तू म्हणालास, गेला. म्हटलं, कान गेला तसा हातही गेला असेल. धाकट्या म्हणतोय म्हणजे गेलाच असेल."

एवढं बोलून तो झाकण लावायला लागला. ते बसेना, वाकडं झालं होतं. मी ते हातातून घेऊन लावून द्यायला हवं होतं. मी नुसता उभा होतो.

"तुझ्या वहिनीने सांगितलं मला," तो म्हणाला. "तिने तुला विचारलं होतं ना, ऐकू येतं का ह्यांना. तू तिला काय म्हणालास ते."

मी विचारलं, "काय म्हणाली?"

"की तू म्हणालास, सुईचा आवाज ऐकतो तो अजून. मला बरं वाटलं रे. म्हटलं, ह्याला कळलंय, पण घरात माझी लाज राखतोय. त्या दिवसापासून मी निर्धास्त होतो. कान नसेना, धाकट्या आहे. डॉक्टरकडे जाऊन काय करायचंय?"

मला काहीतरी बोलायचं होतं. मिस्त्रींचं, त्या अर्ध्या कपाचं, एकोणतीस वेळांचं, सगळं सांगायचं होतं आणि त्यातलं काहीही खोटं नव्हतं. पण त्याने मला कधीच मान दिला नाही असं जे मी सव्वीस वर्षं धरून बसलो होतो, त्यातलं शेवटचं एक वर्ष त्याने माझ्या हातात आपला कान दिला होता आणि मला पत्ता नव्हता. मला लाज वाटली. इतकी, की त्याला हात लावायचीही हिंमत झाली नाही.

तेवढ्यात फाटकातून एक गाडी आत आली. बेल्ट चिरकत होता, फार नाही, वळताना थोडासा. दादाने आवाजावरून नाही, माझ्या वळलेल्या मानेवरून ओळखलं गाडी आल्याचं. तोही वळून बघायला लागला.

"धाकट्या," त्याने विचारलं, "बेल्ट वाजतोय का तिचा?"

"वाजतोय, दादा. सैल आहे."

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डबा खुर्चीवर ठेवून उठला, त्या गाडीपर्यंत गेला, गिऱ्हाइकाला इंजिन बंद करायला सांगितलं आणि बॉनेट उघडून अंगठ्याने बेल्ट दाबून बघितला.

बेल्ट सैल होता. त्याने आणखी एकदा दाबून खात्री करून घेतली.